हाडं आईची दुखत होती, गाठ गळ्यात निघाली: नौपाड्यातल्या हार्मोन क्लिनिकचा अनुभव

आई ६१ वर्षांची. गुडघे-पाठ दुखणं, बद्धकोष्ठ, दुपारपासूनच गळून जाणं, आणि चार वर्षांत दोनदा मुतखडा. आधीच्या एका डॉक्टरांनी दोन वर्षं कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, पण रक्तातलं कॅल्शियम एकदाही तपासलं नाही. याचा मला अजून राग येतो. सोसायटीच्या शिबिरात ते वाढलेलं, ११.४ निघालं आणि शेजारच्या वहिनींनी ठाण्याच्या नौपाड्यातल्या या एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनच्या डॉक्टर) बाईंकडे पाठवलं.

क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई जिन्यात दोनदा बसली. साडेदहाची वेळ होती, आत गेलो सव्वाबाराला. दुखण्यानं बेजार माणसाला एवढं ताटकळत ठेवू नये.

आत मात्र डॉक्टरांनी चाळीस मिनिटं दिली. आधी गोळ्यांची सगळी पाकिटं टेबलावर मांडायला लावली. बीपीच्या गोळीत थायझाइड हे लघवी वाढवणारं औषध होतं. त्यानंही कॅल्शियम वर जातं म्हणून ती बदलली, कॅल्शियमच्या गोळ्या थांबवल्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायला सांगितलं. सोबत अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, व्हिटॅमिन डी आणि पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन. कॅल्शियम ११.१ आलं, व्हिटॅमिन डी कमी, १४, पीटीएच १४२. लॅबच्या कागदावर पीटीएचची मर्यादा १५ ते ६५ होती.

"काकू, टाकी भरली की बॉलकॉक वर येतो आणि पाणी बंद होतं. तुमची टाकी वाहतेय, तरी पाणी चालूच आहे," त्या म्हणाल्या. पॅराथायरॉइड म्हणजे थायरॉइडच्या मागे असणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार ग्रंथी. रक्तात कॅल्शियम वाढलं की त्यांनी पीटीएच सोडणं कमी करायचं असतं. त्यामुळे कॅल्शियम जास्त असताना पीटीएच नुसतं 'नॉर्मल' आलं तरी ते नॉर्मल धरत नाहीत, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. वाढलेलं पीटीएच हाडांतून कॅल्शियम ओढून काढतं. त्यातलं पुष्कळसं लघवीतून जातं आणि खडे होतात. आईची सगळी दुखणी एका धाग्यात आली.

चोवीस तासांची लघवीही तपासली. काही घराण्यांत मूत्रपिंडच कॅल्शियम धरून ठेवतं. रक्ताचे आकडे असेच दिसतात, पण ऑपरेशनचा उपयोग होत नाही. आईचं तसं नव्हतं.

एखाद्या पॅराथायरॉइडमध्ये 'ट्यूमर', म्हणजे गाठ, असणार हे ऐकल्यावर आईनं तीनदा विचारलं, कॅन्सर आहे का? डॉक्टरांनी तीनही वेळा तेवढ्याच शांतपणे सांगितलं: या आजारात शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांना एकाच ग्रंथीची साधी गाठ असते, तिला अ‍ॅडेनोमा म्हणतात. कॅन्सर शंभरात एकालाही नसतो.

निदान रक्तावरून झालंय, स्कॅन फक्त कुठली ग्रंथी ते सर्जनना दाखवायला, हे त्यांनी बजावलं. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही तरी आजार नाही असं समजायचं नाही. सोनोग्राफी ठाण्यातच झाली. सेस्टामिबी स्कॅनसाठी (यात किरणोत्सारी औषध टोचून फोटो काढतात) ट्रान्स-हार्बर लोकलनं नेरुळला गेलो. इंजेक्शननंतर थोड्या वेळानं एक फोटो, दोन तासांनी दुसरा. तोवर थायरॉइडमधलं औषध ओसरतं, गाठीतलं टिकून राहतं. त्या दोन तासांत मी मोबाइलवर वाचलं की ही ग्रंथी रिचर्ड ओवेन यांना १८५० च्या सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या भारतीय गेंड्यात सापडली, आणि माणसात ती इवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये दाखवली. आईला सांगितलं, तर त्या गार खोलीतही ती हसली. दुसऱ्या फोटोत डावीकडे खाली ठिपका तसाच होता: १.६ सेंटिमीटर. घरी परतल्यावर दिवसभर भाचीला जवळ घेऊ नका म्हणाले, ते मात्र आईला जड गेलं.

ऑपरेशन दुसरीकडे झालं. गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी टेबलावरच पीटीएच तपासलं, ते निम्म्याहून खाली आलं होतं. आता कॅल्शियम ९.३ आहे. कॅल्शियमला भुकेल्या हाडांसाठी काही आठवडे कॅल्शियमच्या गोळ्या पुन्हा घ्याव्या लागल्या, पण या वेळी आकडे बघून.

पहिल्या भेटीचे १,२०० रुपये, फेरतपासणीचे ७००. सकाळचा पहिला नंबर मागा आणि जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. तिथे ते खरंच वाचले जातात.