डिझेल डिझायरचा टायमिंग बेल्ट

ज्यांना गाडीतलं कळतं ते शीर्षक वाचूनच हसले असतील. हसा. माझा मेहुणा तर फोनवर इतका हसला की शेवटी मीच फोन ठेवला. ज्यांना हसू आलं नाही त्यांनी मात्र पुढचं नीट वाचा, कारण गॅरेजवाले तुमचीच वाट बघतायत.

गाडी २०१४ ची डिझेल डिझायर. पहिल्या दिवसापासून माझ्याच हातातली, मीटरवर १,६३,४०० किलोमीटर. गणपतीला पुण्याहून चिपळूणला जायचं होतं: पाच माणसं, डिकी भरून सामान आणि वाटेत कुंभार्ली घाट. आमचा नेहमीचा फिटर आठ दिवस आधीच गावी गेलेला. तो असता तर ही वेळ आली नसती, हे आधीच सांगून ठेवतो. तेवढ्यात सोसायटीच्या गेटवर एका चकाचक गॅरेजचं पत्रक मिळालं. ‘एक लाखाच्या पुढे पळालेल्या गाड्यांसाठी खास प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स पॅकेज, फक्त ६,९९९.’ तपासणी फुकट. आता फुकट तपासणीतून पुढे काय निघतं हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण जुनी गाडी, घाट, मागच्या सीटवर ऐंशीची आई. घाबरलेला माणूस घासाघीस करत नाही.

सकाळी नऊला गाडी सोडली. साडेअकराला फोन आला, “सर, एकदा येऊन बघून जा, आम्ही न दाखवता काही करत नाही.” ह्या वाक्यावर मी खूश झालो. किती पारदर्शक माणसं!

गेलो तर टेबलावर पेपर पसरलेला आणि त्यावर एक बेल्ट. रुंद, आतून दातेवाला, दोन दाते तुटलेले, पाठीवर आडव्या चिरा आणि कडेला पांढऱ्या रंगाचा ठिपका. सुपरवायझरनं तो हातात घेऊन उलटा वाकवला, चिरा उघडल्या. “सर, हा टायमिंग बेल्ट. घाटात तुटला असता ना, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. हेड गेलं, इंजिन गेलं. साठ-सत्तर हजार धरून चाला.” ह्यातलं एकही वाक्य खोटं नाही, हीच तर मेख आहे. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा दातेवाला पट्टा, आणि ज्या गाडीला तो असतो तिचं असंच होतं. डस्टर डिझेलला असतो, पोलो डिझेलला असतो. आणि माझ्या गाडीत?

माझ्या गाडीत तेच काम करायला बेल्ट नाही, लोखंडी चेन आहे. फियाटचं १.३ मल्टीजेट इंजिन, मारुतीच्या बोलीत डीडीआयएस. ह्याच जातीची इंजिनं आपल्या रांजणगावात, म्हणजे माझ्या घरापासून दीड तासावर बनायची. टायमिंग चेनवर चालणारं इंजिन आहे ते. बाहेर जो बेल्ट दिसतो तो अल्टरनेटर आणि एसी फिरवतो, त्याला आपण फॅन बेल्ट म्हणतो. तो तुटला तर बॅटरी चार्ज होत नाही, गाडी गरम होऊ शकते, पण व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. हे सगळं मला आज तोंडपाठ आहे. त्या दिवशी नव्हतं. ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल अकरा वर्षं त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत होतं, पिशवीचं बटनसुद्धा उघडलेलं नव्हतं.

पण मॅन्युअल राहू द्या. मला राग येतो तो पुढच्या अर्ध्या मिनिटाचा. शेजारी सतरा-अठरा वर्षांचं एक पोरगं हात पुसत उभं होतं. ते म्हणालं, “सायेब, पण ह्याला तर चे...” सुपरवायझर त्याच्याकडे न बघता म्हणाला, “सरांना चहा सांगितलास का? जा.” पोरगं गेलं. मला वाटलं ‘चेक करायचंय’ असं काहीतरी म्हणत होतं. त्या पोरानं आणलेला चहा मी तिथेच खुर्चीत बसून प्यायलो. कप परत घेताना त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि गाडी? गाडी समोरच होती. बोनेट उघडं, बाकी सगळं जागच्या जागी. टायमिंग बेल्ट बदलायचं म्हणजे तीन-चार तासांचं काम. इंजिन आडवं असलेल्या गाडीत बहुतेक वेळा पुढचं उजवं चाक काढावं लागतं, कव्हरं उतरवावी लागतात. माझी चारही चाकं जमिनीवर टेकलेली. चार चाकं मोजायला मेकॅनिक असावं लागत नाही. मी एकवीस वर्षं एका कंपनीत लोकांची व्हाउचरं तपासतो. टॅक्सीच्या बिलावरची तारीख खाडाखोड केलेली असेल तर मला लांबून वास येतो. आणि इथे मी काय केलं? बेल्टचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, ‘थोडक्यात वाचलो, बाप्पाची कृपा’. खाली सतरा जणांचे हात जोडलेले.

बिल असं झालं. पॅकेज ६,९९९. टायमिंग बेल्ट किट, टेन्शनर आणि मजुरी १४,५००. इंजिन फ्लश आणि डीकार्बनायझिंग, म्हणजे आतली घाण-काजळी काढणं, ४,२००. फुल सिंथेटिक ऑइल पाच लिटर, ४,७५०. कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव), ब्रेक ऑइल, गिअर ऑइल ३,९००. इंजेक्टर क्लीनिंग ३,६००. एकूण ३७,९४९. वरचे ४९ रुपये त्यांनी सोडले. मी थँक यू म्हणालो.

दहा हजार आगाऊ, २७,९०० गाडी घेताना. यूपीआय करताना स्क्रीनवर गॅरेजचं नाव नाही, कुणा बाईचं नाव आलं. “सर, मॅडमचा अकाउंट आहे, एकच.” पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वर लागेल म्हणाले, म्हणून कच्च्यावर भागवलं. होय, ती माझी चूक. पण तुमच्यापैकी किती जण जीएसटी भरून गाडी दुरुस्त करून घेतात ते खरं सांगा. (जुना बेल्ट मी मागितला होता, हे नोंदवून ठेवतो. “स्क्रॅपला लागतो सर” म्हणाले. आता कळतं तो कशाला लागतो.)

जाताना काही झालं नाही, घाट उतरायचाच होता. परतीला घाटाच्या पायथ्याच्या पोफळीहून चढ सुरू झाला, चार-पाच वळणं झाली आणि एसी कोमट हवा टाकायला लागला. मग लाल दिवा, मग बोनेटच्या फटीतून वाफ. पाऊस, आई मागे रामरक्षा म्हणतेय. कसाबसा उतारावरून पोफळीपर्यंत मागे आणली. तिथल्या एका फिटरनं अर्धा तास बोनेटला हातच लावला नाही, गार होऊ द्या म्हणाला. मग झाकणावर ओलं फडकं टाकून ते हळूहळू पिळत उघडलं आणि आत बोट बुडवून मला दाखवलं. “काका, हे कूलंट नाय. नळाचं पाणी हाय.” गंजकट, चहासारखं. खालच्या होजची क्लिपही सैल, तिथून थेंब थेंब.

मी चिडून म्हणालो, आठ दिवसांपूर्वी अडतीस हजार खर्च केलेत, टायमिंग बेल्टसुद्धा नवा टाकलाय.

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि विचारलं, “कुठल्या गाडीचा?”

साडेचारशे रुपये घेतले त्यानं, त्यात लिटरभर कूलंट.

पुण्यात आमचा फिटर परत आल्यावर त्यानं एकेक उघडून दाखवलं. एअर फिल्टरच्या डब्यात गुलमोहराची वाळलेली पानं. मी गाडी गुलमोहराखाली लावतो, ती पानं एका दिवसात साठलेली नव्हेत. म्हणजे पॅकेजमधला ‘नवा एअर फिल्टर’ही गेला. बिलात ऑइल पाच लिटरचं लावलंय, ह्या इंजिनात जातं तीन-सव्वातीन लिटर. बदललं तरी का, हेही सांगता येत नाही, कारण डिझेल इंजिनातलं नवं ऑइल दोन-चारशे किलोमीटरमध्ये काळं पडतंच. हे त्यांनाही ठाऊक असतं. आणि फ्लश, डीकार्ब वगैरे प्रकार मॅन्युअलमधल्या सर्व्हिसच्या तक्त्यात शोधून दाखवा. मी आता पिशवी उघडून पाहिलंय, नाहीत.

दीड लाखाच्या पुढे गेलेल्या ह्या गाडीला खरं काय लागत होतं? ताजं कूलंट आणि नवे होज, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, पुढच्या लोअर आर्मचे बुश, इंजिनचं एक माउंटिंग. आणि सकाळी पहिल्या स्टार्टला कान देणं: चेन सैल झाली की गार इंजिन सुरुवातीला खडखडतं. तो आवाज दोन सेकंदांत गेला नाही तर मग चेनचा खर्च. आमच्या फिटरनं हे सगळं मिळून नऊ हजार सहाशेत केलं, जुने पार्ट पिशवीत बांधून डिकीत ठेवले. तुम्हीही तेच मागा. पार्ट बाहेर काढलेला दाखवला म्हणजे तो तुमच्या गाडीतून निघाला असं होत नाही. गाडीतून काढताना बघा, नाहीतर व्हिडिओ मागा.

आता मोठं दुखणं. गॅरेजवाला म्हणाला, “जॉब कार्डवर तुमची सही आहे.” सही आहे, पण कार्डाची प्रत त्यांनी मला कधी दिलीच नाही. चौकीत गेलो. पहिल्या दिवशी साहेब विसर्जनाच्या बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तावरून येऊन झोपलेले. तिसऱ्या दिवशी भेटले आणि म्हणाले, ही सिव्हिल मॅटर आहे. मी म्हटलं, जो भाग गाडीत नाहीच तो बदलल्याचे पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? पूर्वीचं ४२०, आता न्याय संहितेचं कलम ३१८. मी वाचून गेलो होतो. त्यावर ते म्हणाले, “तुम्ही वकील आहात का?” नाही. “मग?” अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर शिक्का असलेला माणूस जेवायला गेलेला. निघताना एका हवालदारानं हळूच विचारलं की तुमचा तो चांगला फिटर कुठे बसतो, त्याची गाडीही गरम होते. दिला पत्ता. नुसतं अर्ज देण्यासाठी माझ्या तीन रजा गेल्या आणि हाती आली ती एका पोलिसाच्या गाडीची चौकशी. मग दुसऱ्या एका कचेरीत गेलो. तिथे खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, गॅरेज आमच्याकडे येत नाही. कुणाकडे येतं? ते त्यांना माहीत नाही. म्हणजे ह्या शहरात वडापावच्या गाडीला परवाना लागतो, आणि माणसाच्या आईला बसवून घाटात जाणारी गाडी उघडणाऱ्याला कुणी विचारणार नाही!

त्यामुळे वेळ घालवू नका, सरळ जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी शून्य, दोन वर्षांच्या आत तक्रार, वकील नसला तरी चालतं, ऑनलाइन दाखल होते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करून नंबर घेऊन ठेवा. पुरावा मात्र लागतो. माझ्याकडे यूपीआयची नोंद, कच्चं बिल, फिटरचं सहीचं पत्र आणि ग्रुपवर टाकलेला तो फोटो. ज्या फोटोची लाज वाटत होती तोच कामाला येतोय.

गेल्या महिन्यात आमच्याच सोसायटीतले एक शेजारी लिफ्टमध्ये म्हणाले, वॅगनआरचा टायमिंग बेल्ट अगदी वेळेवर सापडला. ११,२०० रुपये. पेट्रोल वॅगनआर, के-सिरीज इंजिन, त्यालाही चेनच. मी फोटो मागितला. पेपर वेगळा, बेल्ट तोच: दोन तुटलेले दाते, कडेला पांढरा ठिपका. म्हटलं, चला, दोघांची प्रतिज्ञापत्रं जोडू. ते म्हणाले, “जाऊ द्या हो, लोक हसतील.”

पांढऱ्या ठिपक्याच्या बेल्टचा फोटो आणखी कुणाकडे असेल तर डिलीट करू नका. तारखेसकट मला पाठवा. मला अजून एक प्रतिज्ञापत्र हवंय.