पूर्ण घराला सर्ज प्रोटेक्शन: टाइप 2, टाइप 1+2 की नुसता स्पाइक गार्ड?

एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस गडगडू लागला की राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि इन्व्हर्टर एसीचे बोर्ड जायला लागतात. स्पाइक गार्ड फक्त त्यात लावलेली वस्तू वाचवतो, तेही सॉकेटला खरं अर्थिंग असेल तर. बीएलडीसी पंखे, पंप, एसी यांच्या वायरी थेट डीबीतून (घरातल्या एमसीबींच्या मुख्य पेटीतून) येतात. त्यांच्यासाठी डीबीतच एसपीडी हवा, म्हणजे सर्ज (व्होल्टेजची क्षणभराची उसळी) उपकरणाकडे जाऊ न देता बाजूला वळवणारं साधन.

फ्लॅट असेल, केबल जमिनीखालून येत असेल, तर टाइप 2 (लांबून, तारांमार्गे येणाऱ्या सर्जसाठीचा एसपीडी) पुरतो: नॉमिनल, म्हणजे वारंवार सोसता येणारा करंट 20 केए (किलोअँपिअर), कमाल 40 केए. इमारतीवर वीजरोधक असेल तर टाइप 1 (थेट विजेचा मोठा करंट सोसणारा) सोसायटीच्या मुख्य पॅनेलला बसवायचा; तो खर्च एका फ्लॅटने करण्यात अर्थ नाही. खांबावरून उघड्या तारा येणारा बंगला किंवा वाडीतलं घर असेल, तर मात्र टाइप 1+2 (दोन्ही कामं करणारा) घ्या, प्रति पोल 12.5 केए. जवळच्या तारेवर वीज कोसळली तर येणारा करंट जास्त वेळ टिकतो आणि एकट्या टाइप 2 ला तो झेपेलच असं नाही.

लेबलवर यूसी बघा, म्हणजे एसपीडीला सतत सोसवणारं कमाल व्होल्टेज. 275 आणि 320 व्होल्ट, दोन्ही मिळतात. रात्री लोड उतरल्यावर व्होल्टेज 260 च्या वर जात असेल, तर 275 वाल्याचा व्हॅरिस्टर (व्होल्टेज वाढलं की वाहू लागणारा आतला भाग) सतत ताणाखाली राहून लवकर म्हातारा होतो. आम्ही 320 च सुचवू. यूपी, म्हणजे सर्जच्या वेळी एसपीडीमागे उरणारं व्होल्टेज, मात्र 1.5 केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) वर नको.

स्वतःच्या खड्ड्यावर अर्थिंग असलेल्या घरात 1पी+एन (एक फेज आणि न्यूट्रल) रचनाच मागा. तिच्यात न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये गॅस ट्यूब (एरवी बंद, सर्ज आला तरच वाहणारी) असते. फेज-अर्थ असा थेट व्हॅरिस्टर लावला आणि तो शॉर्ट झाला, तर कच्च्या खड्ड्यामुळे घरभरच्या अर्थ वायरमध्ये करंट येऊ शकतो. 1पी+एन आरसीसीबीच्या (अर्थकडे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) आधी बसवा. नंतर बसवला तर सर्ज आला की आरसीसीबी पडू शकतो.

खरी चूक होते ती वायरिंगमध्ये. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून वायरमन डीबीत वायरचं वेटोळं ठेवतो, आणि तिथेच एसपीडीचा फायदा जातो. वेगाने चढणाऱ्या सर्जमध्ये मीटरभर वायरवर ढोबळमानाने 1000 व्होल्ट उभे राहतात, आणि ते उपकरणाच्या वाट्याला येतात. फेजपासून एसपीडी आणि एसपीडीपासून अर्थ बार, सगळं मिळून 50 सेंमीच्या आत हवं. अर्थची तांब्याची वायर टाइप 2 ला किमान 6 स्क्वेअर एमएम, टाइप 1 ला 16. एसपीडीच्या मागे कंपनीच्या कागदावर दिलेल्या रेटिंगचा स्वतंत्र एमसीबी किंवा फ्यूज ठेवा. डीबीपासून 10 मीटरहून लांब महागडं उपकरण असेल, तर त्याच्याजवळ टाइप 3 (उपकरणाजवळ लावायचा छोटा एसपीडी) द्या. स्पाइक गार्डची खरी जागा ही.

न्यूट्रल तुटणं हा वेगळाच आजार आहे. थ्री फेजच्या लाइनवर न्यूट्रल तुटला की घरात 400 च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात आणि टिकून राहतात. एसपीडी क्षणभराच्या सर्जसाठी असतो. इथे तो स्वतःच जळतो. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले हवा: साधारण 270 ला तोडणारा, आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठी 3 मिनिटं थांबून पुन्हा जोडणारा. खेड्यात पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आम्ही आधी हा घ्यायला सांगू.

देखभाल थोडीच, पण चुकवू नका. मोठ्या गडगडाटानंतर डीबी उघडून एसपीडीवरची रंग दाखवणारी खिडकी बघा. लाल दिसली तर मेन बंद करून फक्त कार्ट्रिज (एसपीडीचा काढता येणारा भाग) बदला. सोबतचा एमसीबीही बघा. तो पडला तरी घरातले दिवे चालूच राहतात, त्यामुळे संरक्षण गेल्याचं महिनोन्‌महिने कळत नाही. खड्ड्याचा रोध मे महिन्यात मोजा, जमीन कोरडी असताना; पावसाळ्यातला आकडा फसवा असतो. खड्ड्यातल्या क्लॅम्पचे बोल्ट गंजले असतील तर तेव्हाच बदला. आणि मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) वायरिंग तपासायच्या आधी कार्ट्रिज काढून ठेवा, नाहीतर 500 व्होल्टला व्हॅरिस्टर वाहू लागतो आणि चांगली वायरिंग खराब दिसते.