पाषाण तलावावर पॅपिलिओ : एका छोट्या दुर्बिणीविषयी

तलावाकाठी पक्षी पाहत फिरणाऱ्याची एक अडचण ठरलेली असते. गळ्यात मोठी दुर्बीण असते, नजर पलीकडच्या काठाजवळ पोहणाऱ्या वारकऱ्यांवर असते (या काळ्या पक्ष्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा पाहिला की नाव कोणी ठेवले असेल याचे कौतुक वाटते), आणि नेमकी तेव्हाच पायापाशी, दीड हातावर, गवताच्या पात्यावर एखादी टाचणी (चतुराच्या नात्यातला काडीसारखा बारीक कीटक) येऊन बसते. तिच्यावर दुर्बीण धरली तर नुसते धुके दिसते. बहुतेक ८ x ४२ दुर्बिणी (म्हणजे आठ पट मोठे दाखवणाऱ्या, पुढचे भिंग ४२ मिलिमीटर व्यासाचे) दोन ते तीन मीटरच्या आतले स्पष्ट दाखवत नाहीत, म्हणून मागे सरकावे लागते. मागे बहुधा चिखल असतो, आणि आपण सरकेपर्यंत टाचणी थांबत नाही.

ही अडचण दूर व्हावी म्हणून मी पेंटॅक्सची पॅपिलिओ २ ही ८.५ x २१ दुर्बीण परदेशातून येणाऱ्या भाच्याकडून मागवून घेतली आणि गेले दोन हंगाम ती पुणे जिल्ह्यातल्या पाषाण, खडकवासला, कवडीपाट आणि भिगवण येथे वापरली. पॅपिलिओ म्हणजे लॅटिनमध्ये फुलपाखरू, आणि हे नाव उगाच दिलेले नाही: ही दुर्बीण अवघ्या अर्ध्या मीटरवरची वस्तू स्पष्ट दाखवते. साडेआठ पट मोठेपणाचा हिशेब केला तर अर्ध्या मीटरवरचा कीटक जणू सहा सेंटिमीटरवरून पाहावा तसा दिसतो, आणि इतक्या जवळ आपला डोळा स्वतःच्या बळावर काहीही स्पष्ट पाहू शकत नाही.

यामागची रचना समजून घेण्यासारखी आहे. साध्या दुर्बिणीच्या पुढच्या दोन भिंगांमधले अंतर, वस्तू जवळ असो वा दूर, तेच राहते. त्यामुळे वस्तू फार जवळ आली की डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगवेगळे भाग दिसू लागतात, दोन वर्तुळे एकमेकांपासून सुटतात आणि डोके दुखते. पॅपिलिओमध्ये जवळचे पाहण्यासाठी चाक फिरवले की ही दोन्ही भिंगे पुढे सरकता सरकता एकमेकांच्या जवळही येतात. पुढे सपाट काच असल्यामुळे ही हालचाल आत होते, पण दुर्बीण उलटी धरून चाक फिरवले तर ती सहज दिसते. घरी आलेल्या पाहुण्यांना मी प्रथम हेच दाखवतो.

ऑक्टोबरच्या एका सकाळी रामनदी अडवून केलेल्या पाषाण तलावाच्या काठी या दुर्बिणीने जे दाखवले, त्यासाठीच मी तिचा ऋणी आहे. जलपर्णीच्या कडेला दोन टाचण्या बसल्या होत्या, दोन्ही जेमतेम इंचभर, आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही म्हणजे पिवळसर काडी आणि टोकाला निळा ठिपका. गुडघ्यावर बसून पाहिल्यावर एकीचे पोट पिवळेधमक निघाले. ती गोल्डन डार्टलेट. दुसरीचे पोट वरून काळपट होते आणि निळा पट्टा पोटाच्या दहा खंडांपैकी आठव्यावर होता. ती सेनेगल गोल्डन डार्टलेट. यापूर्वी हे खंड मी फक्त छायाचित्र मोठे करून मोजले होते, जिवंत टाचणीवर कधीच नाही. त्यानंतर तिने एक चिलट धरून आणले आणि चावून खाल्ले. ज्या पायांची टोपली करून ती उडती शिकार पकडते, त्या पायांवरचे राठ केस एकेक करून दिसत होते. ती निघून गेली तेव्हा माझा पाय बधिर झाला होता.

चतुरांच्या बाबतीत मात्र अर्ध्या मीटरपर्यंत जाऊ नये, कारण आपली सावली पडली की ते उडतात. एक-दीड मीटरवर थांबणे बरे. सांडपाण्याच्या डबक्यांवरही सुखाने नांदणारा नारिंगी डिच ज्वेल पुण्यात पाण्याकाठी जागोजागी भेटतो, तेव्हा सरावाची सुरुवात त्याच्यापासून करावी. इतक्या जवळ स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली फारच कमी असते. चतुराचे डोळे स्पष्ट केले तर त्याच्या पंखांची टोके पुसट होतात. हा दोष नव्हे, जवळून पाहण्याचा स्वभावच तसा आहे, पण हाताला सवय होईपर्यंत चिडचिड होते.

पक्ष्यांसाठी या दुर्बिणीला इतके गुण देता येणार नाहीत. २१ मिलिमीटरच्या भिंगाला साडेआठने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास जेमतेम अडीच मिलिमीटर येतो. ८ x ४२ मध्ये तो सव्वापाच असतो. भर उन्हात आपली बाहुली तेवढीच आकसलेली असल्यामुळे नऊ वाजता कवडीपाटच्या बंधाऱ्यावर चक्रवाक पाहताना मला काहीच उणे वाटले नाही, आणि हळदी-कुंकू बदकाच्या चोचीवरचे पिवळे टोकही ठसठशीत दिसले. पण भिगवणला उजनीच्या पाण्यावर दिवस उजाडण्यापूर्वी होडीत बसलो, तेव्हा शेजारच्या गृहस्थांना त्यांच्या मोठ्या दुर्बिणीतून पट्टकदंबांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दिसत होते आणि मला राखाडी आकृत्या. सूर्य वर येईपर्यंत मी त्यांच्याकडे हावरटासारखा पाहत होतो.

दुसरी उणीव चाकाची. अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंतचा सगळा पल्ला एकाच चाकात बसवायचा म्हटल्यावर ते बरेच फिरवावे लागणार, हे उघड आहे. खडकवासल्याच्या फुगवट्यालगत मी एका फुलपाखरावरून नजर उचलली, तेव्हा कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबला होता. मी चाक फिरवत राहिलो आणि त्याने सूर मारून मासा उचलला, तोही माझ्या धुक्यातच. आता कीटक पाहून झाला की दुर्बीण खाली सोडण्यापूर्वी चाक दूरवर आणून ठेवायचे, असा नेम केला आहे.

वजन सुमारे २९० ग्रॅम, म्हणजे गळ्याला जाणवत नाही. मला चष्मा आहे. डोळा मागच्या भिंगापासून १५ मिलिमीटरवर असतानाही चित्र पूर्ण दिसायला हवे, आणि रबरी कडा खाली केल्यावर ते दिसते, मात्र जाड काचांचा चष्मा असेल तर आधी लावून पाहावे. ही जलरोधक दुर्बीण नव्हे, त्यामुळे पावसाळ्यात ती माझ्या पिशवीत प्लॅस्टिकच्या डब्यात राहते.

घेण्यापूर्वी मी शहरातल्या एका दुकानात गेलो होतो. तिथल्या विक्रेत्याने जवळचे किती अंतरावरून दिसते हा प्रश्न पुरता ऐकूनही न घेता २० x ५० ची दुर्बीण पुढे केली आणि ‘साहेब, हिच्यातून चंद्रावरचे खड्डे दिसतील’ असे सांगितले. वीस पट मोठे करणारी दुर्बीण हातात स्थिर राहत नाही आणि बदक एवढ्याशा वर्तुळात शोधता शोधता थवा उडून जातो, हे मी त्यांना सांगितले नाही.

ज्यांच्याकडे एकही दुर्बीण नाही आणि ज्यांना फक्त पक्षीच पाहायचे आहेत, त्यांनी ८ x ४२ घ्यावी. पॅपिलिओ त्यांच्यासाठी नाही. ज्यांच्याकडे ८ x ४२ आहे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बदके अजून पुरती आलेली नसताना, ज्यांचे डोळे आपोआप काठावरच्या गवताकडे वळतात, त्यांनी ही दुसरी म्हणून जरूर घ्यावी. माझी मोठी दुर्बीण आता नोव्हेंबर ते फेब्रुवारी भिगवणसाठी बाहेर निघते. पाषाणला जाताना मी छोटीच घेतो आणि सोबत बसायला जुन्या पोत्याचा एक तुकडा.