विमानाचं अंतर आणि वेळ सांगणारं ॲप: काही महिने रोज वापरल्यावर

जळगावात आमचं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ दाखवणारं एक मोफत ॲप दिवाळीपासून रोज वापरतोय. अंतराला पैकीच्या पैकी गुण. वेळेच्या आकड्यावर मात्र कुणी पुढचं काही ठरवू नये.

लंडनचंच बघा. मुंबई–लंडन सुमारे 7,210 किमी. जळगाव टाकलं तर 7,240 च्या आसपास, म्हणजे फरक जेमतेम तीसेक किलोमीटरचा! हे बरोबरच आहे, कारण ॲप पृथ्वीच्या गोलाईवरचं सर्वांत जवळचं अंतर मोजतं आणि त्या हिशोबात लंडन आपल्याला मुंबईइतकंच जवळ. पण जळगावहून लंडनला विमान कुठाय? ॲप तरी बिनदिक्कत 'नऊ तास' दाखवून मोकळं होतं.

शिवाय नकाशावरची ती रेष कराचीजवळून जाते आणि पुढे युक्रेनवरून. युक्रेनचं आकाश 24 फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद. भारतीय कंपन्यांना पाकिस्तानने 24 एप्रिल 2025 ला बंदी घातली. मग विमान वळसा घेणारच. त्यात वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्यामुळे जाताना दहा तास धरावे लागतात आणि येताना तेच अंतर नऊच्या आत-बाहेर संपतं. ॲप मात्र दोन्हीकडचा वेळ एकच दाखवतं. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

मध्यंतरी अमळनेरकडच्या एक आजी नातवाकडे जायचं म्हणून आल्या. "लंडनले कितला टाईम लागी, भाऊ?" त्यांना नऊ तास सांगून कसं चालेल? कागद घेतला आणि मांडून दाखवलं: जळगावहून रेल्वेने मुंबई 420 किमी, सात तास. दादरला उतरून टॅक्सीने विमानतळ, दीड तास. उड्डाणाच्या तीन तास आधी हजर. विमानात दहा तास. तिकडे इमिग्रेशन आणि बॅगा, दीड तास. झाले तेवीस. पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटात गाडी रखडते, तेव्हा मी आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला जायला सांगतो. वयस्कर माणसांच्या बाबतीत तर यात तडजोड नाहीच.

घड्याळातला फरक ॲप चोख दाखवतं, हे कबूल करायलाच हवं. लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. मुंबईहून दुपारी दोनला निघालेलं दहा तासांचं विमान जानेवारीत तिथे संध्याकाळी साडेसहाला पोचेल, जूनमध्ये साडेसातला. घ्यायला येणाऱ्याला हीच वेळ कळवायची असते.

पाचपैकी तीन स्टार. जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा दाखवायला लागले की चौथा देईन.