रंगाखालचे लोखंड पाहिल्याशिवाय चासीचे पैसे देऊ नका

लोटस सेव्हन या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्‌स कारच्या धर्तीची दोन आसनांची उघडी गाडी घरीच बांधायची असे ठरवून मी गेल्या वर्षी कोल्हापूरजवळच्या एका फॅब्रिकेटरला तिची चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, करायला दिली आणि त्या व्यवहारात माझे १,४०,००० रुपये बुडाले. हा नाद असलेल्या दुसऱ्या कोणावर अशी वेळ येऊ नये, म्हणून सगळे सविस्तर लिहितो आहे.

मूळ गाडी लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली आणली. सुटे भाग घेऊन घरी गाडी जुळवणाऱ्याला त्या काळी इंग्लंडमध्ये खरेदी कर लागत नसे, त्यामुळे ती पहिल्यापासूनच हौशी माणसाने घरी बांधायची गाडी ठरली. तिची बहुतेक ताकद नळ्यांच्या त्रिकोणी जाळीत असते. घरी बांधणारे साधारणपणे २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप वापरतात आणि त्याची जाडी १६ गेज, म्हणजे १.६ मिलिमीटर धरतात. मीही ड्रॉइंगवर तेच लिहून दिले होते. मात्र पैसे रोख दिले आणि पावती मागितली नाही.

“डोळं झाकून घ्या दादा, हत्ती उभा केला तरी वाकायची न्हाई,” असे फॅब्रिकेटर म्हणाला आणि त्याने आधीच्या कामाचे फोटो दाखवले. काम चालू असताना मी तीनदा गेलो. प्रत्येक वेळी काही ना काही कारण सांगून त्याने मला बाहेरच बसवले. चौथ्यांदा बोलावले तेव्हा चासी काळ्या रंगात चमकत होती. ती चमक पाहून मी भुललो, हे मान्य केले पाहिजे.

चार दिवसांनी ब्रेक पाइपची क्लिप बसवण्यासाठी भोक पाडताना ड्रिल फारच सहज आत गेले. व्हर्नियर लावला, तर पाइपची जाडी १.२ मिलिमीटर भरली. १६ गेजच्या या पाइपचे वजन मीटरला सुमारे १.१७ किलो असते, तर १.२ मिलिमीटरच्या पाइपचे ०.९ किलो, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा लोखंड त्याने वाचवले होते. मग मी प्रत्येक सांध्यावर लोहचुंबक फिरवला. पुढच्या खालच्या विशबोनच्या (चाकाला चासीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) ब्रॅकेटपाशी तो चिकटेना. पॉलिश पेपरने रंग घासला, तर आतून लांबीची, म्हणजे भेगा बुजवायच्या पुट्टीची, पांढरी भुकटी निघाली आणि तिच्याखाली वेल्डिंगचे फक्त दोन टाके होते. ब्रेक दाबल्यावर मोठा झटका ज्या ब्रॅकेटवर येतो, ते दोन टाक्यांवर उभे होते. शेजारच्या सीटवर माझी मुलगी बसणार होती.

फोन केला तेव्हा पाइपच पातळ आला असे त्याने सांगितले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. पोलिसांकडे तक्रार दिली आहे. पण पावती नसल्यामुळे माझ्या हातात व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संभाषणाखेरीज पुरावा नाही.

जुन्या मारुतीच्या आरसी बुकावर या गाडीचे पासिंग करून देण्यासाठी त्याने आणखी ४०,००० रुपये मागितले होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीमधील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. हे वेळीच वाचनात आल्यामुळे ती रक्कम मी दिली नाही. माझी गाडी खासगी जागेतच चालेल, हे मी स्वीकारले आहे.

आता नवी चासी उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या वेल्डरकडे माझ्या डोळ्यांदेखत होते आहे. पाइपचे कापलेले तुकडे मी मोजून ठेवतो, प्रत्येक टप्प्याचे पैसे बँकेतून देतो आणि सगळी जुळणी काट्यावर तोलल्याशिवाय रंग मारायचा नाही असे आम्ही ठरवले आहे. पावसाळी हवेत गंज धरू नये म्हणून तो रोज संध्याकाळी उघड्या पाइपांवर ऑइलचा बोळा फिरवतो.