प्रोग्रॅम डायरेक्टर व्हायचंय? आकाशवाणी, खासगी एफएम की मराठी वाहिनी

‘रेडिओ-टीव्हीच्या प्रोग्रॅमिंगमध्ये जायचंय’ म्हणणारी बरीच मुलं खरं तर माइकच्या प्रेमात असतात. प्रोग्रॅम डायरेक्टरचा आवाज मात्र कुणाच्या कानावर पडत नाही. आत्ता काय वाजेल आणि काय अजिबात वाजणार नाही, हे ठरवणं हे त्याचं काम. ते ठरवायची मोकळीक तिन्ही ठिकाणी वेगवेगळी मिळते, तेव्हा पगाराआधी ती बघा.

मी एका खासगी एफएमवर होतो तेव्हाची गोष्ट. 6 फेब्रुवारी 2022, रविवार. सकाळी लतादीदी गेल्याची बातमी आली, दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. एफएमवर दर तासाचं एक ‘क्लॉक’ असतं: कितव्या मिनिटाला कुठल्या प्रकारचं गाणं, कुठे आरजेची लिंक (दोन गाण्यांमधलं बोलणं), कुठे जाहिरातींचा ब्रेक. गाणी सॉफ्टवेअर लावतं, तीही बहुधा मुख्यालयाने पाठवलेल्या यादीतून. मी यादी बाजूला सारली, दीदींची गाणी हाताने लावली. आरजेला म्हटलं, लिंक छोटी ठेव आणि बोलताना मागचं म्युझिक बंद. आता जमलं म्हणून चहा घेतला, तोच ब्रेक लागला आणि एका विराणीच्या शेपटाला फर्निचर सेलची ढोलताशावाली जिंगल दणाणली. ब्रेक ट्रॅफिक विभाग, म्हणजे जाहिरातींचं वेळापत्रक सांभाळणारी मंडळी, लावतो. रविवारी त्या टेबलावर कुणी नव्हतं, आणि ते बघायचं मला सुचलं नव्हतं. श्रोत्यांचे फोन सुरू व्हायला मिनिटही लागलं नाही.

एफएमचं बरंवाईट सगळं त्या तासात आलं. निर्णय झटपट, चूक झटपट, आणि झापणारा श्रोता आपल्याच गावातला. मला ते आवडायचं. पण असे दिवस वर्षातून दोन-चार. एरवी यादी वरून येते आणि सेल्सवाले ‘एवढी एक स्पॉन्सरची लिंक घे ना’ म्हणत दारात उभे असतात. स्वतःचं बातमीपत्र करायला खासगी एफएमला परवानगी नाही. आकाशवाणीचं लावता येतं, तेही जसंच्या तसं. बातमीची खाज असेल तर इकडे येऊ नका. आलातच तर मुलाखतीत विचारा, रविवारी ब्रेक कोण थांबवू शकतो?

आकाशवाणीत या पदाला कार्यक्रम अधिकारी म्हणतात, बोलताना ‘पेक्स’, म्हणजे प्रोग्रॅम एक्झिक्युटिव्ह. दिवस सभांमध्ये, म्हणजे प्रसारणाच्या सत्रांमध्ये, वाटलेला, क्यू शीट (कधी काय वाजणार याचा तक्ता) आधीच तयार, दुखवट्यात काय लावायचं याचीही पद्धत घालून दिलेली. शेतकऱ्यांचा कार्यक्रम, नभोनाट्य, शास्त्रीय गायन, लहान मुलांचा कार्यक्रम हे सगळं एकाच छपराखाली शिकायला मिळतं, असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. शिवाय ध्वनिमुद्रणांचा जुना साठा. अडचण कागदांची. नाटक करायला आलेला माणूस करारपत्रं आणि मानधनाच्या बिलांत बुडालेला मी पाहिलाय. बदली होते, आणि भरती नियमित निघत नाही. निव्वळ तिच्या भरवशावर वय घालवू नये.

वाहिनीवर पैसा जास्त, मोकळीक सगळ्यात कमी. मालिका निर्मितीसंस्था बनवते. वाहिनीचा माणूस स्लॉट, ट्रॅक (कथेचा धागा) आणि प्रोमो सांभाळतो. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या ‘बार्क’ संस्थेचे आकडे आठवड्याला येतात, गुरुवारी, आणि रेटिंग पडलं की ठरलेलं लग्न पुढे ढकललं जातं किंवा मेलेला माणूस परत येतो. भागांची बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेले भाग, दोन-तीन दिवसांची उरली असेल तर ठाण्याजवळ घोडबंदरच्या सेटवर पाऊस किती पडतोय याचीही काळजी तुम्हालाच. गोष्ट रचायची आवड आणि रात्रीचे फोन उचलायची तयारी, दोन्ही असेल तरच जा. तिथेही थेट प्रमुख कुणी होत नाही, सुरुवात ईपीच्या (एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरच्या) हाताखाली.

पंचविशीच्या आत असाल तर मी तिन्ही सोडून आधी कम्युनिटी रेडिओ, म्हणजे एखाद्या संस्थेने आसपासच्या लोकांसाठी चालवलेलं छोटं केंद्र, सुचवेन. पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे, सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे. अशा केंद्रांना साधारण 100 वॅट प्रक्षेपणशक्तीची मुभा असते, आवाज दहा-पंधरा किलोमीटरवर विरतो. पैसा बेताचाच. पण क्लॉक तुम्ही आखता, मुलाखतीला चुलीपाशी तुम्हीच बसता, ब्रेकही तुम्हीच लावता, आणि मिक्सर खरखरला तर स्क्रूड्रायव्हरही तुमच्याच हातात येतो.