सात महिने ठिबक संच आणि नळाखालचा वाडगा

कुंड्यांसाठी घेतलेला टायमरचा ठिबक संच सात महिने वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. निमित्त आहे माझ्या तिसऱ्या तक्रारीला सेवा विभागाकडून मिळालेले उत्तर. ‘सांध्यातून थोडेफार पाणी ठिबकणे सामान्य आहे,’ असे त्यांनी कळवले. बादली-बादलीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने पाणी वाचवण्यासाठीच घेतलेल्या वस्तूबद्दल हे वाक्य निमूट ऐकून घ्यावे, अशी त्यांची अपेक्षा असावी.

आधी संचाच्या पदरात पडायला हवे ते श्रेय देतो. पूर्वी मी नळी हातात धरून पाणी घालत असे. त्या नळीने 10 लिटरची बादली 40 सेकंदांत भरते आणि सगळ्या कुंड्या संपवायला साडेनऊ मिनिटे लागत, म्हणजे रोज 140 लिटरच्या आसपास पाणी जाई आणि त्यातले बरेचसे कुंड्यांच्या बुडातून निघून फरशीवर पसरे. आता ताशी 2 लिटरच्या 28 तोट्या पहाटे 20 मिनिटे चालतात. हिशेब 19 लिटरच्या आत बसतो. कुंड्यांत वाळलेल्या पानांचा थर दिल्यापासून माती दुपारपर्यंत ओलसर राहते, त्यामुळे उन्हाळ्यातही वेळ वाढवावा लागला नाही. एक झाड दगावले, पण ते माझ्याच हलगर्जीपणाने.

आता सांध्याविषयी. टायमर चालायचा तर नळ कायम उघडा ठेवावा लागतो, ही गोष्ट जोडणी करताना माझ्या डोक्यात शिरली नव्हती. पूर्वी नळाच्या तोंडाशी असलेल्या जोडावर दिवसातून दहा मिनिटेच दाब येई. आता तो चोवीस तास असतो आणि टायमरची झडप बंद असली तरी तिच्या अलीकडचा हा सांधा दाबातून सुटत नाही. पहिल्याच आठवड्यात तेथून सेकंदाला साधारण एक थेंब पडू लागला. रात्री दहा वाजता खाली वाडगा ठेवला आणि सकाळी सहाला मोजले, तर दीड लिटरला थोडे कमी पाणी निघाले. दिवसाचे सव्वाचार लिटर होतात. झाडांना मिळते त्याच्या जवळपास पाव हिस्सा पाणी झाडांपर्यंत न पोहोचता वाडग्यात जात होते, आणि याला ‘थोडेफार’ म्हणायचे!

सेवा विभागाने सांध्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप, म्हणजे फट बुजवणारी पातळ पट्टी, गुंडाळायला सांगितले. मी गुंडाळली, मग आणखी गुंडाळली आणि शेवटी नट पान्याने आवळला. दोन महिने हाच उद्योग चालला. त्यांनी चित्रफीत मागवली तेव्हा नेमका थेंब अंधुक दिसला, म्हणून पुन्हा चित्रण करावे लागले. या काळात मी हा संच कोणीही घेऊ नये अशा मताला आलो होतो आणि तसे दोघा-तिघांना सांगूनही बसलो होतो.

ते मत आता बदलतो, पण अर्धेच. एका सकाळी सांधा पूर्ण उघडून पाहिला, तेव्हा आतली वॉशरची चकती हाताला प्लास्टिकसारखी कडक लागली आणि तिच्यावर नळाच्या कडेचा गोल खळगा उमटलेला दिसला. या प्रकारच्या जोडात पाणी अडवण्याचे काम आटे करत नाहीत, ते ही चपटी चकती करते. टेपच्या जाड थरामुळे उलट नट पुरता आत बसत नव्हता आणि चकतीवर दाबच येत नव्हता. टेप काढून टाकली, जुन्या नळाची मऊ रबरी चकती बसवली आणि नट हाताने आवळला. ठिबकणे थांबले. पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू झाले, तेव्हा कळले की बॅटऱ्यांसह टायमरचे सगळे वजन त्या एकाच सांध्यावर लटकते आणि सांधा एका बाजूला कलतो. टायमरखाली विटेचा टेकू दिल्यापासून वाडगा कोरडा आहे. म्हणजे दोष मूळ कल्पनेत नाही, एका चकतीत आणि न दिलेल्या आधारात आहे; पण तो शोधण्याचे काम माझ्याकडे का यावे?

तोट्या तुंबत नाहीत ना, याकडेही लक्ष ठेवा. चौथ्या महिन्यात प्रत्येक तोटीखाली पेला ठेवून दहा मिनिटे मोजले. पहिल्या तोटीने 330 मिलिलिटर दिले, शेवटच्या तोटीने 210. पाणी जड असेल तर क्षारांची पांढरी पुटे तोट्यांत बसतात. त्या रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्या आणि नळीच्या टोकाचे बूच काढून गाळ वाहू दिला, त्यानंतर शेवटची तोटी 300 वर आली. पावसाच्या दिवशी टायमर आपल्यालाच बंद करावा लागतो, हेही सांगून ठेवतो.

वाडग्याच्या नादाने घरातलेही सांधे तपासले. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकला, तर न ओढताच पाव तासात भांड्यात रंग उतरला. तेथेही झिजलेले रबरच निघाले आणि ते बदलायला दहा मिनिटे पुरली.

पाचपैकी तीन तारे देतो. बरोबर चांगली चकती आली असती तर साडेचार दिले असते. परवा सेवा विभागाकडून ‘बदली भाग’ म्हणून पाकीट आले. आत तीच कडक चकती होती आणि सोबत टेफ्लॉन टेपचे एक नवे रीळ.